बाईंचं धरण

फासा टाकण्याआधी बाई तो मुठीत घेऊन कानाशी हलवायच्या. नारळ घेताना आत पाणी आहे की नाही ते बघायला हलवतात, अगदी तसा. मग एक डोळा बारीक करून समोरच्या पोराला विचारायच्या, "बोल, काय पडणार?"

"सहा."

फासा पडायचा. तीन.

"आता तिनात काय होतं ते बघ," बाई म्हणायच्या आणि हाताची घडी घालून उभ्या राहायच्या. त्या घडीचा अर्थ वर्गाला पाठ होता. आता उत्तर मिळणार नाही, मदत मिळणार नाही, आणि घंटा झाली तरी सुटका नाही.

मंडळी, या बाई जुगाराच्या अड्ड्यावरच्या नव्हत्या. शनिवार पेठेतल्या आमच्या मराठी माध्यमाच्या शाळेत त्या भूगोल शिकवायच्या. मी त्याच शाळेत मराठी शिकवतो आणि दर डिसेंबरात स्नेहसंमेलनाचं नाटक बसवतो. त्यामुळे शिक्षकांच्या खोलीत मला सगळे "सर" म्हणत, बाई मात्र "नाटकवाले" म्हणत. "काय नाटकवाले, आज वर्गात कुणाला रडवलंत?" कविता शिकवताना मी गहिवरतो, आणि ते त्यांना भिंतीपलीकडून ऐकू जायचं.

बाई उंचीला बेताच्या, आवाजाला कोरड्या. साडीच्या निऱ्या पट्टीने आखल्यासारख्या. लांबून बघाल तर वाटेल, या बाई मुलांना उभं करून जगातल्या नद्या पाठ म्हणायला लावत असतील. जवळ गेलात की त्यांच्या पिशवीतून खुळखुळ ऐकू यायची. पिशवीत चिंचोके, शर्टाची बटणं, बाटल्यांची झाकणं आणि फासे. पट त्या स्वतः करायच्या. जुन्या लग्नपत्रिकांचे जाड कागद एकमेकांना चिकटवायचे, वर रंगीत कागद, त्यावर पेनाने नद्या, घाट आणि रेल्वे. एका पटाच्या पाठीमागे 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' असं छापलेलं अजून दिसत होतं आणि पुढच्या बाजूला होतं दख्खनचं पठार.

त्यांचा मोसमी वाऱ्यांचा खेळ म्हणजे शाळेत गाजलेली गोष्ट. प्रत्येक मूल एक ढग. अरबी समुद्रात सगळ्यांनी बटणं भरून घ्यायची, म्हणजे पाणी. मग कोकण, मग शिडीने सह्याद्री. प्रत्येक चढाला थोडी बटणं टाकावीच लागायची. घाट उतरून पठारावर पोचेपर्यंत ज्याच्याकडे काही उरेल तो जिंकला. एकदा मी व्हरांड्यातून जात होतो आणि नववीतला एक मुलगा वर्गातून ओरडला, "मी लोणावळ्यातच संपलो." आमचे पर्यवेक्षक हातातला चहा सांडत आत धावले. त्यांना वाटलं, सहलीची काहीतरी भानगड झाली.

बाईंनी त्यांच्याकडे शांतपणे बघितलं. "काही नाही सर. ढग आहे. पुण्यापर्यंत आला नाही."

त्याच वर्गात एक हिशेबी मुलगा होता. त्याने घाटात एकही बटण टाकलं नाही. मुठीत घट्ट धरून बसला. म्हणाला, "बाई, मी सगळा पाऊस सोलापूरला नेणार आहे."

"सह्याद्रीला विचारलंस?"

मुलाने पटाकडे बघितलं. घाट चितारलेला होता, तपकिरी, उंच, आणि वाटेत आडवा. त्याने हळूहळू मूठ उघडली. पर्जन्यछाया म्हणजे काय हे त्या वर्गाला कुणी पुन्हा सांगितलं नाही. सांगायची गरजच उरली नाही.

आता तुम्हाला वाटेल, खेळ म्हणजे लाड. तसं मुळीच नव्हतं. मधल्या सुट्टीत बाई मुलांशी स्वतः पट मांडून बसायच्या आणि एकाही पोराला जिंकू द्यायच्या नाहीत. आठवीतली चिल्लीपिल्ली सुद्धा धुऊन काढायच्या. एखादं हरून रडायला लागलं तर बाई डब्यातली पोळी शांतपणे संपवत म्हणायच्या, "रडून झालं की सांग. पुढचा डाव मांडू." एका पालकांनी येऊन तक्रार केली की बाई मुलाला मुद्दाम हरवतात. बाई म्हणाल्या, "मुद्दाम नाही हो. मला येतंच तेवढं."

माझ्या विषयात त्यांचा खेळ घुसवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. म्हटलं, "बाई, कवितेचा एखादा खेळ करून द्या की मला."

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "तुमच्या वर्गात खेळ व्हायचा नाही. तुमच्याकडे सगळी दानं तुम्हीच टाकता."

मी त्या दिवशी शिकवताना दोनदा मध्येच थांबलो. मुलांना वाटलं, सरांना बरं नाही.

हे सगळं बाईंनी कधी सुरू केलं, हे मला त्यांनी एकदाच सांगितलं, तेही चहा निवत असताना आणि खिडकीकडे बघत. नोकरीच्या पहिल्या वर्षांत त्याही सगळ्यांसारख्याच फळ्यावर मुद्दे लिहून द्यायच्या. मुलं उतरवून घ्यायची. मार्क उत्तम पडायचे. मग एकदा बसथांब्यावर एक तरुण त्यांच्या पाया पडला. म्हणाला, "बाई, तुमचं अक्षर अजून डोळ्यांसमोर आहे. किती सुंदर अक्षर होतं." बाई खूश झाल्या. तो म्हणाला, "तुम्ही आम्हाला काय शिकवायचात हो? इतिहास ना?"

"मी त्याला हो म्हणाले," बाई म्हणाल्या. "त्याची बस आली होती."

इतकं सांगून त्यांनी कप उचलला आणि निवलेला चहा एका घोटात संपवला.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. बाईंच्या निवृत्तीला शेवटचं वर्ष उरलं होतं. आठवीपासून त्यांच्या हाताखाली असलेला एक वर्ग त्या वर्षी दहावीत गेला. या वर्गासाठी बाईंनी एक नवाच खेळ केला होता. त्याचं नाव नुसतं 'धरण'.

पटाच्या मध्यभागी एक पितळी वाटी. वाटीत निळी बटणं. तेच धरण, तेच पाणी. तीन गट: शहर, शेती आणि कारखाने. चौथा माणूस धरणाचा अधिकारी, तो दार उघडणार. दर महिन्याला प्रत्येकाने मागायचं, भांडायचं आणि न्यायचं. पाऊस फक्त पावसाळ्यात, तोही पत्ता उलटून, नशिबाने. पुढचा पावसाळा येईपर्यंत वाटीत एक जरी बटण उरलं तर सगळे जिंकले. वाटी कोरडी पडली तर सगळेच हरले. एकट्याने जिंकायची सोयच नाही.

मी विचारलं, "बाई, धरणाला नाव का नाही दिलंत? कालवा बघून कळतंच की, खडकवासला आहे."

"नाव दिलं की लोक पेपरात वाचलेलं बोलतात," बाई म्हणाल्या. "आपल्या मनातलं बोलत नाहीत."

जूनमध्ये खेळ सुरू झाला आणि जुलैत गडबड झाली. एका मुलाने घरी जेवताना सांगितलं, "आज आम्ही दिवाळीलाच कोरडे पडलो." आईने विचारलं, म्हणजे काय? त्याने सगळं सांगितलं. ही आई एका आयटी कंपनीत होती, कामाची, नेमकी, आणि मुलाच्या दहावीचं वेळापत्रक फ्रिजवर लावलेली. तिने पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एकच ओळ टाकली: 'दहावीचं वर्ष आणि शाळेत सोंगट्या?' दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरण्याआधीच मुख्याध्यापकांचा फोन तापला होता.

मी तेव्हा योगायोगाने त्यांच्या खोलीत होतो. नाटकासाठी हॉल मागायला गेलो होतो. बाई आत आल्या.

आमचे मुख्याध्यापक सज्जन माणूस. त्यांच्या आयुष्यातला सर्वात आवडता शब्द 'बघू'. हॉल मागा, बघू. पंखा बंद आहे, बघू. भूकंप झाला असता तरी त्यांनी आधी बघू म्हटलं असतं.

"बाई, हे दहावीचं वर्ष आहे," ते म्हणाले.

"हो सर. नववीनंतर तेच येतं."

"तसं नाही. पालक म्हणतायत, खेळ बंद करा. मुद्दे लिहून द्या, प्रश्नोत्तरं द्या."

"मग निकाल लागेल चांगला."

"तेच म्हणतोय मी."

"आणि पुढे बसथांब्यावर भेटतील तेव्हा..." बाई थांबल्या. मी खाली बघत होतो. मला तो तरुण आठवला, पण मुख्याध्यापकांना त्यातलं काही कळायचं कारण नव्हतं. बाईंनी पदर सारखा केला. "सर, ही मुलं तीन वर्षं माझ्याकडे आहेत आणि हा माझा शेवटचा वर्ग आहे. त्यांना शेवटच्या वर्षी मी मुद्दे लिहून देणार नाही. द्यायचे असतील तर दुसऱ्या कुणाला तरी वर्ग द्या."

हे बाईंचं बोलणं नव्हतं. बाई कधी असं सरळ मागत नसत. मुख्याध्यापकही चमकले.

"बघू," ते म्हणाले. मग जरा विचार करून, "शनिवारी पालकसभा आहे. पालकांना पटलं तर चालू ठेवा. नाही पटलं तर नाही."

"मला सभेत अर्धा तास द्या."

"भाषण करणार?"

"अजिबात नाही."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बाई, भाषण मी लिहून देतो. डोळ्यांत पाणी आणतो सगळ्यांच्या."

"तेवढं नको, नाटकवाले," बाई म्हणाल्या. "त्यांचं पाणी मला वाटीत हवंय."

शनिवारी सभेला पालक आले. वर्गातल्या लहान बाकांवर मोठी माणसं गुडघे दुमडून बसली की त्यांची निम्मी ऐट उतरते, हे माझं जुनं निरीक्षण आहे. बाईंनी चार बाक एकत्र जोडले, वर पट अंथरला, मध्ये वाटी ठेवली. म्हणाल्या, "मी काही बोलणार नाही. तुम्हीच खेळून बघा. बाकीच्यांनी मागे उभं राहून सल्ले द्यायला हरकत नाही."

बाकीच्यांना सल्ले द्यायला परवानगी, आणि तीही पुण्यात. माझ्या अंगावर काटा आला.

चिठ्ठ्या टाकल्या. शहर आलं एका शेतकरी बापाच्या वाट्याला. त्यांचं गाव महापालिकेत गेलं होतं, अर्ध्या जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या होत्या, उरलेल्या अर्ध्यात अजून ऊस होता. पागोटं नाही, पण मिशी होती. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि परत पुढे केली.

"बाई, मला शेती द्या की. शेतीतलं समदं ठावं हाय मला."

"म्हणूनच नाही," बाई म्हणाल्या.

शेती आली बिबवेवाडीच्या एका सोसायटीच्या अध्यक्षांकडे. हे गृहस्थ सोसायटीत पाण्याची वेळ, लिफ्टची वेळ आणि कबुतरांना दाणे न टाकण्याबद्दल पाट्या लावण्यासाठी प्रसिद्ध होते. त्यांनी चिठ्ठी वाचली, खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला आणि एका मिनिटात शेतकरी झाले. कारखाने आले त्या आयटीवाल्या आईकडे. आणि धरणाचा अधिकारी म्हणून बाईंनी, नम्रपणे हात पुढे करून, मुख्याध्यापकांनाच बसवलं.

पहिले दोन महिने सगळे एकमेकांशी फार सौजन्याने वागले. "आपण आधी घ्या." "नाही नाही, आपण." मग पावसाचा पत्ता कोरा निघाला आणि सौजन्य संपलं.

"आवर्तन सोडा," अध्यक्ष म्हणाले. आवर्तन म्हणजे कालव्यातून शेतीला सोडायची पाण्याची पाळी. हा शब्द त्यांना कुठून माहीत, देव जाणे. "ऊस जळतोय माझा."

"आधी शहराचं बघा," मिशीवाले बाप म्हणाले. "घरात पाव्हणं हायेत. पोरांच्या आंघोळी व्हायच्यात."

"आंघोळी रोज कशाला हव्यात?"

"हे तुम्ही सांगताय? तुमच्यात रोज गाड्या धुत्यात, शेठ."

"मी आत्ता शेतकरी आहे, अहो," अध्यक्ष चिडून म्हणाले. "आपण विषय सोडू नका."

आयटीवाल्या आई शांतपणे मागून मागून बटणं नेत होत्या. प्रत्येक वेळी एकच वाक्य, "आमचं आधीच मंजूर झालेलं आहे." मागे उभे असलेले पालक वाकून वाकून सल्ले देत होते. एकजण तर खिडकीत चढला होता. आणि मधोमध मुख्याध्यापक. ज्याने त्याने त्यांना विचारावं, "सर, दार उघडताय ना?" आणि त्यांनी म्हणावं, "बघू." ते बघतायत तोवर प्रत्येकाने वाटीत हात घालून आपापलं काढून घ्यावं.

दिवाळी आली आणि वाटीत जेमतेम मूठभर बटणं उरली.

तेव्हा अध्यक्ष उठून उभे राहिले. ज्याला वर्षानुवर्षांची सवय म्हणतात, ती त्यांच्या तोंडून बाहेर पडली. "ठीक आहे. मी टँकर मागवतो."

मग मिशीवाले बाप म्हणाले, "उसाला टँकर?"

"कमी पडलं की आम्ही मागवतो."

"उसाला टँकर लावनार तुम्ही?" बापांना हसू आवरेना. त्यांनी मागच्या बाकावरच्या आपल्या गाववाल्याकडे वळून सांगितलं, "आरं, हे उसाला टँकर लावत्यात."

"नियमात कुठे बंदी आहे?" अध्यक्ष बाईंकडे वळले. "लिहिलेलं नाही तसं."

"बंदी नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी हाताची घडी घातली होती. "मागवा. भरून कुठून आणताय?"

"खासगी विहिरीवरून."

"दाखवा पटावर."

अध्यक्षांचं बोट पटावर विहिरी शोधू लागलं. विहिरी होत्या, बाईंनी काढल्या होत्या, छोट्या गोल, कालव्याच्या कडेकडेने. बोट विहिरीवर टेकलं. मग त्यांनी विहिरीला पाणी कुठून येतं ते बघितलं. बोट कालव्याला लागलं. कालव्यावरून ते हळूहळू वर सरकायला लागलं. वर्गातल्या सगळ्यांचे डोळे त्या बोटाबरोबर सरकत होते. बोट जाऊन थांबलं पितळी वाटीपाशी.

मंडळी, इतकी नाटकं बसवली मी, पण एवढ्या माणसांना एका बोटाकडे इतक्या शांतपणे बघताना मी कधी पाहिलं नव्हतं.

अध्यक्षांनी बोट मागे घेतलं. खाली बसले. मग म्हणाले, "मला वाटायचं, ते वेगळं पाणी असतं."

त्यांनी हे इतकं प्रामाणिकपणे म्हटलं की कुणी हसलंच नाही. मिशीवाल्या बापांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

वाटी लगेचच कोरडी पडली. सगळे हरले. आयटीवाल्या आईने आपल्यापुढचा बटणांचा ढीग बघितला, वाटी बघितली आणि सभेत शिरल्यापासून मनात धरलेला प्रश्न विचारला. "बाई, माझं म्हणणं एवढंच आहे. हे बोर्डाच्या पेपरात येणार का?"

"हे नाही येणार," बाई म्हणाल्या. "येईल ते असं येईल: 'पाणीवाटपातील अडचणी सांगा.' चार गुण. सांगता का तुम्ही?"

"सांगते की." त्या सांगू लागल्या. शहर वाढतं ते सांगितलं, पावसाचा भरवसा नाही ते सांगितलं. मध्येच अध्यक्ष म्हणाले, तुमचं आधीच मंजूर झालेलं पाणी सांगा. त्यांनी तेही सांगितलं, जरा रागावून. बाप म्हणाले, कालव्याच्या शेपटाला पानी पोचतच न्हाई, ते घ्या. तेही घेतलं. अधिकारी वेळेवर निर्णय घेत नाहीत, असं खिडकीतून कुणीतरी सांगितलं आणि सगळ्यांनी मुख्याध्यापकांकडे बघितलं. त्या बोलत राहिल्या, बोलत राहिल्या, आणि मध्येच थांबल्या. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बाईंकडे बघून हसल्या.

"चार गुण होते," बाई म्हणाल्या. "तुम्ही सोळा गुणांचं बोललात."

मुख्याध्यापकांनी घसा साफ केला. "ठीक आहे. शनिवारचा शेवटचा तास खेळाला ठेवायचा का, ते आपण बघू."

"'बघू' नको सर," आयटीवाल्या आई म्हणाल्या. "हो म्हणा. आत्ताच बघून बघून धरण आटवलंत."

ते 'हो' म्हणाले. त्यांच्या आयुष्यातला पहिला 'हो' असावा. पालक उठले, पण निघेनात. "एक डाव अजून," अध्यक्ष म्हणाले. "या वेळी मी शहर." शिपाई किल्ल्या वाजवत दाराशी उभा होता.

तर असं ते वर्ष गेलं. शनिवारचा शेवटचा तास बाईंचा. पूर्वपरीक्षेचे पेपर आले तेव्हा बाईंनी एक उत्तरपत्रिका मला मुद्दाम आणून दाखवली. पाणीवाटपाच्या प्रश्नाखाली एका मुलीने लिहिलं होतं, 'हे उत्तर मी कारखान्याच्या बाजूने लिहीत आहे. शहराची बाजू पुढच्या बाकावर आहे.'

"किती गुण दिलेत?" मी विचारलं.

"पूर्ण. आणि पुढच्या बाकावरचीही काढून वाचली."

निकाल चांगला लागला. फार थोर नाही, आणि कुणी पेपरात फोटोही छापला नाही. बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभात त्यांनी भाषण केलं नाही, मी केलं, आणि रडलोही. त्या पहिल्या रांगेत बसून घड्याळ बघत होत्या. आता त्या नाशिकला बहिणीकडे असतात. फोन करतो मी, पण बहुतेक वेळा बहीणच उचलते आणि म्हणते, "ती आत्ता खेळतेय. हरत आली की देते." अजून एकदाही दिलेला नाही. बाईंच्या वर्गात आता एक तरुण सर आले आहेत, चांगले आहेत, स्क्रीनवर उपग्रहाची चित्रं दाखवतात. कपाटात पट आहेत. कधीतरी मी दार उघडून वास घेतो. जुन्या लग्नपत्रिकांना अजून अत्तराचा वास येतो.

पण मला त्या आठवतात त्या परीक्षेच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या शनिवारच्या.

मी त्या दिवशी मुद्दाम मागच्या दारात जाऊन उभा राहिलो होतो. वर्ग आता धरणाच्या खेळात इतका तयार झाला होता की बाईंना बोलावंच लागत नव्हतं. मुलं भांडत होती, पण मोजून मापून. कारखान्याने एका महिन्याचा वाटा सोडला, शेतीने ऊस कमी केला, शहराने नळाच्या वेळा ठरवल्या. पुढचा पावसाळा आला तेव्हा वाटीत बटणं शिल्लक होती. धरण वाचलं. मुलं बाईंकडे बघू लागली, शाबासकीसाठी.

बाईंनी वाटीत डोकावून बघितलं. आणि तेव्हा मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं ते असं, की आता या मुलांना द्यायला काही उरलं नाही, आणि तास मात्र अजून उरलाय.

पहिल्या बाकावरच्या एका मुलीला ते दिसलं असावं. ती म्हणाली, "बाई, धरण तुम्ही कधीच खेळला नाहीत. बसा ना. तुम्ही शहर."

"मी? नको."

"बसा हो बाई."

बाई बसल्या. निऱ्या सावरून, लहान बाकावर. आणि पहिल्याच महिन्यात त्यांनी वाटीत हात घातला आणि ओंजळभर बटणं उचलली.

"बाई, एवढी?"

"लग्नसराई आहे शहरात."

पुढच्या महिन्यात पुन्हा. "बाई, आत्ताच घेतलीत."

"गणपती आलेत. हौद भरायचेत."

"बाई, शेतीला काहीतरी ठेवा."

"शेती खेड्यात असते. माझ्याकडे तीन नवे पूल झालेत, ते रोज धुवायचेत."

मुलं आधी हसली, मग विनवू लागली, मग संतापली. त्यांनी अधिकाऱ्याकडे तक्रार केली. बाईंनी अधिकाऱ्यालाच चहाला बोलावलं. मुलांनी पाळ्या ठरवल्या. बाईंनी पाळी येण्याआधीच हात घातला. वर्षभर ज्या मुलांनी धरण राखलं होतं, त्यांच्या डोळ्यांदेखत दिवाळीच्या आधी वाटी कोरडी झाली. तळाला पितळ चमकत होतं.

आणि मग सगळा वर्ग बाईंवर तुटून पडला. एक बाकावर उभा राहून बोट नाचवत होता. एक म्हणत होती, "तुमच्यामुळे सगळे हरलो आम्ही. सगळे." सोसायटीच्या अध्यक्षांचा मुलगा तर कपाळाला हात लावून म्हणाला, "बाई, तुम्हाला शोभतं का हे?" आयटीवाल्या आईचा मुलगा म्हणाला, "आम्ही कसं सांभाळलं होतं, बघत नव्हता का तुम्ही?" बाई आपल्यापुढच्या निळ्या ढिगाच्या मागे बसून होत्या, ओठ घट्ट दाबून, आणि त्यांचे खांदे हलत होते. मी बारा वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलाशी बसलो, पण त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. डोळे पुसायला त्यांना पदर लागला.

घंटा झाली. कुणी उठलं नाही. खाली रस्त्यावर व्हॅनवाले काका भोंगा वाजवत होते. शिपाई कुलूप घेऊन दारात आला, आतला गोंगाट बघून गोंधळला आणि म्हणाला, "बाई, वर्ग बंद करायचा ना?"

बाईंनी त्याला हातानेच थांबवलं.

"जरा थांबा हो," त्या म्हणाल्या. "त्यांचं अजून मला रागवून व्हायचंय."